फरशीवरून बर्फाकडे : हॉलमध्ये कर्लिंग शिकवण्याचे टप्पे आणि हमखास होणाऱ्या चुका

सांगलीत बर्फ नाही, त्यामुळे कर्लिंगचा, म्हणजे बर्फावरून ग्रॅनाइटचा दगड घसरवत समोरच्या वर्तुळांत थांबवण्याच्या खेळाचा, पहिला धडा आपल्याला हॉलमधल्या फरशीवरच द्यावा लागतो आणि त्यात काही गैर नाही. अडचण वेगळी आहे. फरशीवर छर्ऱ्यांवर चालणारी चकती सोडताना मुलाने दंडाचा जोर लावला, शरीराचा भार चकतीवर टाकला किंवा मूठ वळवलीच नाही, तरी चकती सरळ जाऊन वर्तुळात थांबते. बर्फावर यातली प्रत्येक चूक दगडाला भरकटवते. माझ्या पहिल्या तुकडीतील मुले सहा महिने हॉलमध्ये सुरेख खेळत होती. उत्तरेकडील बर्फाच्या एका रिंकवर नेले, तेव्हा पहिल्या दिवशी त्यांचा एकही दगड सांगितलेल्या जागी पोहोचला नाही. दोष मुलांचा नव्हता, मी शिकवलेल्या क्रमाचा होता. फरशी ज्या चुका खपवून घेते त्या आपण खपवून घ्यायच्या नाहीत, हे धरूनच पुढचे टप्पे लिहिले आहेत.

खेळाची मांडणी अशी. दोन संघ, प्रत्येकी चार खेळाडू, प्रत्येक खेळाडूचे दोन दगड. दोन्ही संघांनी आळीपाळीने मिळून १६ दगड सोडले की एक डाव संपतो. त्याला 'एंड' म्हणतात. मोठ्या स्पर्धांत सामना १० एंडचा असतो. समोरच्या टोकाला आखलेल्या वर्तुळांना 'हाउस' आणि त्यांच्या मध्याला 'बटन' म्हणतात. बटनाच्या सर्वांत जवळ ज्याचा दगड, त्याच संघाला त्या एंडचे गुण मिळतात. या लेखात बर्फावरच्या ग्रॅनाइटला 'दगड' आणि हॉलमधल्या चाकांच्या साधनाला 'चकती' म्हटले आहे. दोन्ही एकच आहेत असे मुलांना वाटू नये, म्हणून हा फरक शिकवतानाही पाळावा.

टप्पा १ : फरशी निवडणे आणि तपासणे

घासून गुळगुळीत केलेली मोझॅक फरशी किंवा सांधे पक्के भरलेला पॉलिश कोटा सर्वांत चांगला. शहाबादी फरशीच्या सांध्यांमध्ये छर्रे अडकतात आणि चकती उडी मारते, म्हणून ती टाळावी. बॅडमिंटनची लाकडी फरशी उत्तम असते, पण तिच्यावर चरे पडू शकतात; हॉलच्या व्यवस्थापकांची परवानगी घेतल्याशिवाय तिथे चकती ठेवू नये. सिंथेटिक मॅटवर चकती लवकर थांबते आणि मुले नकळत दंड वापरू लागतात, म्हणून मॅट असेल तर ती गुंडाळून बाजूला करावी.

आपल्याकडचे बहुतेक हॉल धुण्यासाठी बांधलेले असतात, त्यामुळे फरशीला मोरीच्या दिशेने ढाळ असतो. डोळ्यांना तो दिसत नाही. सायकलचा एक छर्रा घेऊन तो खेळाच्या पट्ट्यावर पाच-सहा ठिकाणी अलगद ठेवावा. तो जागच्या जागी राहिला तर ठीक. एकाच बाजूला घरंगळू लागला, तर पट्टा ढाळाच्या दिशेने आखावा, ढाळ आडवा कापत कधीही आखू नये. आडव्या ढाळावर चकती वळते आणि ते वळण आपल्या मनगटाचे आहे असा मुलांचा समज होतो. हा समज नंतर काढून टाकणे फार कठीण जाते.

सरावापूर्वी फरशी कोरड्या पोछ्याने दोनदा पुसावी. ओला पोछा मारला असेल, तर पूर्ण वाळेपर्यंत कुणालाही पट्ट्यावर येऊ देऊ नये.

सावधान : कॅरमच्या सवयीने कुणीतरी बोरिक पावडर किंवा टाल्कम पावडर आणतोच. ती फरशीवर टाकू नये. मुले घसरून पडतात आणि पावडर छर्ऱ्यांत जाऊन चकती कायमची जड होते.

टप्पा २ : चकती तयार करणे

फ्लोअर कर्लिंगच्या तयार चकत्या मिळतात, पण पूर्ण संच शाळेला परवडेलच असे नाही. आम्ही कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील एका फॅब्रिकेटरकडून करून घेतल्या. खऱ्या दगडाचा घेर जास्तीत जास्त ९१.४४ सेंटीमीटर असतो, म्हणजे व्यास सुमारे २९ सेंटीमीटर. त्याच व्यासाची जाड प्लायवुडची गोल फळी कापावी, खाली तीन बॉल कॅस्टर (सगळीकडे फिरणाऱ्या छर्ऱ्याची चाके) समान अंतरावर बसवावेत आणि वर मधोमध हंसाच्या मानेसारखी वाकवलेली मूठ बोल्टने आवळावी.

कॅस्टर तीनच असावेत. चार बसवले तर जराशा उंचसखल फरशीवर एक हवेत राहतो आणि चकती डगमगते. तीन पायांची तिवई जशी कुठेही टेकते तशी तीन कॅस्टरची चकती टेकते. वजन पाच-सहा किलोंपर्यंत ठेवावे. खरा दगड मुठीसह १७.२४ ते १९.९६ किलोंचा असतो, पण तेवढे वजन छर्ऱ्यांवर ठेवले तर चकती थांबतच नाही आणि समोर उभ्या असलेल्या मुलाच्या घोट्याला जबर मार बसू शकतो. कडेला जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवावी. आठ चकत्या झाल्या की सराव सुरू करता येतो, चार एका रंगाच्या मुठीच्या आणि चार दुसऱ्या.

तपासणी : प्रत्येक चकती त्याच जागेवरून, त्याच फळीच्या उतारावरून सोडून पाहावी. जी इतरांपेक्षा हातभर मागे किंवा पुढे थांबते, तिचे कॅस्टर काढून पुसावेत. सगळ्या चकत्या सारख्या झाल्याशिवाय मुलांच्या हाती देऊ नयेत, कारण चकतीची चूक मूल स्वतःची समजते.

टप्पा ३ : आखणी

बर्फावरचा पट्टा सुमारे ४५ मीटर लांब आणि जास्तीत जास्त ५ मीटर रुंद असतो. एका टोकाच्या बटनापासून दुसऱ्या टोकाच्या बटनापर्यंत ३४.७४७ मीटर अंतर असते आणि पाय रोवण्याची जागा, म्हणजे 'हॅक', बटनाच्या ३.६५८ मीटर मागे असते. एवढी लांबी आपल्या हॉलमध्ये बसत नाही. बसवण्यासाठी सगळीच मापे लहान करण्याची चूक मात्र करू नये. अंतर कमी करावे, पण हाउस पूर्ण मापाचे ठेवावे, कारण स्किपची, म्हणजे कर्णधाराची, नजर वर्तुळाच्या मापावरच तयार होते.

वर्तुळांच्या त्रिज्या १.८३ मीटर, १.२२ मीटर आणि ६१ सेंटीमीटर आहेत; मधल्या बटनाची १५ सेंटीमीटर धरावी. सुतळीने वर्तुळ काढू नये, कारण सुतळी ताणली जाते आणि वर्तुळ अंडाकृती होते. दोन मीटरच्या लाकडी पट्टीला या चार अंतरांवर भोके पाडून ठेवली, तर खडूने काढलेले हाउस दर वेळी सारखे येते. त्यानंतर हाउसच्या मध्यातून लांबीच्या दिशेने मध्यरेषा आणि तिला आडवी 'टी लाइन' काढावी. टी लाइनच्या १.८३ मीटर मागे, म्हणजे सर्वांत मोठ्या वर्तुळाला मागून टेकणारी, 'बॅक लाइन' येते.

राहिल्या दोन 'हॉग लाइन'. बर्फावर त्या टी लाइनपासून ६.४० मीटरवर असतात. सोडणाऱ्या बाजूच्या हॉग लाइनपूर्वी दगड हातातून सुटलाच पाहिजे आणि समोरची हॉग लाइन त्याने पूर्ण ओलांडली पाहिजे. १५ ते १७ मीटरच्या हॉलमध्ये आम्ही पहिली रेषा हॅकपासून तीन मीटरवर आणि दुसरी बटनापासून तीन मीटर अलीकडे घेतो. हे माप आमच्या सोयीचे आहे, नियमाचे नाही, आणि मुलांनाही ते तसेच सांगावे.

सावधान : वर्तुळे रांगोळीने भरू नयेत आणि चिकटपट्टीही लावू नये. रांगोळीची पूड छर्ऱ्यांत शिरते आणि चिकटपट्टीच्या कडेवर चकती दिशा बदलते. रंगीत खडू पुरेसा आहे.

टप्पा ४ : हॅक आणि पायांतील बूट

साठ सेंटीमीटरच्या जाड फळीवर जुन्या टायरच्या रबराचे दोन ठोकळे स्क्रूने बसवावेत आणि फळीखाली रबरी चटई घालावी. चकती सोडताना दुसऱ्या मुलाने फळीच्या मागच्या टोकावर उभे राहावे, म्हणजे हॅक मागे सरकत नाही.

कर्लिंगच्या बुटांची जोडी एकसारखी नसते. उजव्या हाताने सोडणाऱ्या खेळाडूच्या डाव्या तळव्याला घसरणारी टेफ्लॉनची पट्टी असते, तिला 'स्लायडर' म्हणतात. उजव्या बुटाला पकड धरणारे रबर असते. हॉलमध्ये स्लायडरऐवजी जुन्या गालिच्याचा बुटाएवढा तुकडा चालतो. मऊ बाजू फरशीकडे आणि पाठीचे रबर बुटाकडे ठेवावे. केवळ मोज्यांवर घसरू देऊ नये. तसे करताना आमच्याकडे एका मुलाची हनुवटी फुटली आहे. गुडघ्यांना पॅड बांधावेत.

टप्पा ५ : चकती सोडण्याचा क्रम

या टप्प्याला निम्मा वेळ द्यावा. पहिले दोन आठवडे हाउसकडे कुणी पाहूच नये, असे माझे मत आहे. लक्ष्य समोर दिसले की मूल क्रम विसरते.

खालील वर्णन उजव्या हाताच्या खेळाडूसाठी आहे. डावखुऱ्या मुलासाठी सगळे उलट करावे. त्याला उजव्या हाताने सोडायला भाग पाडू नये.

१. चकती उलटी करून तळ पुसावा. बर्फावर दगड एका कडेवर कलता करून त्याच्या तळाची टेकणारी कड पुसतात. दगड पूर्ण तळावर टेकत नाही. जेमतेम काही मिलिमीटर रुंदीच्या गोल पट्ट्यावर चालतो. तिथे बर्फ घासण्याच्या ब्रशचा एक केस अडकला तरी दगड वाट सोडतो. फरशीवर याची गरज नसली, तरी प्रत्येक वेळी पुसायला लावावे.

२. उजव्या पायाचा चवडा हॅकवर टेकवावा आणि डावा पाय त्याच्या किंचित पुढे सपाट ठेवावा. बसताना आधी स्किपने समोर टेकवलेल्या ब्रशकडे पाहावे, मग पाय लावावा. पाय आधी लावून नंतर शरीर वळवले, तर खांदे एका दिशेला आणि कंबर दुसऱ्या दिशेला राहते.

३. ब्रश डाव्या हातात, बाजूला पसरलेला. तो तोल साधण्यासाठी आहे, भार टाकण्यासाठी नाही.

४. कंबर वर उचलावी, चकती सरळ मागे उजव्या पायाच्या बोटांपर्यंत आणावी आणि डावा पाय मागे न्यावा. इथे क्षणभर थांबावे.

५. आता चकती पुढे, मग डावा पाय पुढे, आणि त्यानंतर उजव्या पायाने हॅकवरून धक्का.

आमच्याकडे मुले हा क्रम मोठ्याने म्हणतात : "कंबर वर, दगड मागे, पाय मागे, दगड पुढे, पाय पुढे, मग धक्का." दहा दिवसांत तो अंगात भिनतो.

६. घसरताना डावा पाय छातीच्या बरोबर खाली, चकतीच्या मागे असावा. उजवा पाय मागे सैल पसरलेला. सगळा भार डाव्या पायावर. चकतीवर फक्त हात. फरशीवर मीटरभर घसरता आले तरी पुष्कळ झाले.

हमखास होणारी पहिली चूक म्हणजे पाय चकतीच्या आधी पुढे जाणे. असे झाले की चकतीला पायाला वळसा घालून जावे लागते आणि तिची रेषा सुरुवातीलाच वाकडी होते. दुसरी चूक चकतीवर रेलण्याची, आणि ती फरशीवर अजिबात दिसत नाही, कारण छर्रे तो भार निमूटपणे वाहून नेतात. बर्फावर मात्र रेललेल्या खेळाडूने हात सोडला की तो स्वतः पुढे कोसळतो आणि दगडाला शेवटचा धक्का भलत्याच दिशेने बसतो. तिसरी चूक सुटताना दंडाने ढकलण्याची. दंड किंचित वाकलेला असावा आणि सोडताना तो जेमतेम सरळ व्हावा. वेग पायातून यायला हवा.

तपासणी : मूल घसरत असताना अर्ध्या वाटेत त्याला चकतीवरचा हात वर उचलायला सांगावा. तोल तसाच राहिला तर भार योग्य जागी आहे. हात उचलताच छाती खाली आली, तर चकती बाजूला ठेवून मोकळ्या हाताने वीस वेळा घसरण्याचा सराव द्यावा आणि मगच चकती परत द्यावी.

ज्यांना खाली बसता येत नाही, अशा मुलांनी किंवा मोठ्यांनी काठीने चकती सोडावी. मुठीत अडकवून दगड पुढे नेणारी अशी काठी बर्फावरच्या खेळातही वापरतात आणि व्हीलचेअर कर्लिंगमध्ये ती नेहमीची आहे.

टप्पा ६ : मुठीची फिरकी

हा टप्पा हॉलमध्ये निरुपयोगी वाटतो आणि म्हणूनच तो सर्वांत जास्त गाळला जातो. बर्फावर दगड फिरत फिरत जातो आणि ज्या बाजूला फिरतो त्याच बाजूला हळूहळू वळतो. घड्याळाच्या दिशेने फिरणारा दगड उजवीकडे जातो. इंग्रजी 'कर्ल' म्हणजे हेच वळण. फिरकीच न दिलेला दगड सरळ जाईल असे आपल्याला वाटते, पण तो कोणत्याही बाजूला भटकू शकतो आणि त्याचा अंदाज कुणालाच बांधता येत नाही. माझ्या पहिल्या तुकडीचे दगड नेमके यामुळेच वाया गेले.

कॅरम खेळणाऱ्या मुलांना इथे जास्त वेळ द्यावा लागतो. घरी ओट्यावर स्टीलची वाटी उपडी ठेवून घड्याळाच्या दिशेने फिरवत पुढे सरकवली, तर ती डावीकडे वळते. दगड बरोबर उलटा वागतो. असे का होते यावर भौतिकशास्त्रज्ञांचे अजून पूर्ण एकमत नाही, तेव्हा कारणात न शिरता दिशा तेवढी पाठ करून घ्यावी. छर्ऱ्यांवरची चकती तर कोणत्याच बाजूला विशेष वळत नाही.

फिरकी देण्याची रीत अशी. समोर १२ वाजले आहेत असे समजावे. घड्याळाच्या दिशेने फिरवायचे असेल तर मूठ १० वर धरून घसरावे आणि सोडताना ती अलगद १२ पर्यंत आणावी. उजव्या हाताच्या खेळाडूसाठी याला 'इन टर्न' म्हणतात. 'आउट टर्न'साठी मूठ २ वर धरून १२ वर आणावी. शेवटी हात हस्तांदोलनाला पुढे केल्यासारखा उभा राहतो. ही सगळी हालचाल सुटण्याच्या अगोदरच्या शेवटच्या हातभर अंतरात व्हावी. हॅकमध्येच फिरवायला सुरुवात केली तर चकती वेडीवाकडी घसरते. मनगटाला झटका देऊन भिंगरीसारखी फिरवणेही चूकच आहे. बर्फावर पूर्ण प्रवासात दगडाचे अडीच ते चार फेरे व्हावेत. आपल्या अर्ध्याहून कमी अंतरात चकतीचा सव्वा-दीड फेरा झाला की फिरकी बरोबर आहे असे समजावे.

तपासणी : मुठीच्या टोकाला रंगीत दोरा बांधावा आणि एका मुलाने फक्त फेरे मोजावेत. चकती कुठे थांबली हे त्या मुलाला विचारू नये.

टप्पा ७ : वेग ओळखणे

दगड किती जोरात सोडला, याला कर्लिंगमध्ये 'वेट' म्हणतात. बोलणे सोपे व्हावे म्हणून १ ते १० आकडे वापरतात. १ ते ३ म्हणजे हाउसच्या पुढे थांबणारे गार्ड, ४ म्हणजे हाउसची पुढची कड, ७ म्हणजे बटन आणि १० म्हणजे हाउसची मागची कड. फरशीवर हे आकडे खडूने पट्ट्याच्या कडेला लिहून ठेवावेत. सोडणाऱ्याने चकती सुटताक्षणी आकडा बोलावा आणि थांबल्यावर खरा आकडा पाहावा. सोडणाऱ्याच्या पायाला स्वतःच्या वेगाची जाणीव होऊ लागते ती इथे.

थांबणाऱ्या चकतीला 'ड्रॉ' आणि प्रतिस्पर्ध्याची चकती उडवणाऱ्या फटक्याला 'टेकआउट' म्हणतात. मुलांना टेकआउटच आवडतो. पहिला महिना तो शिकवू नये.

टप्पा ८ : स्किपचा ब्रश हेच लक्ष्य

स्किप हा कर्णधार. तो समोरच्या हाउसमध्ये उभा राहून ब्रश टेकवतो आणि कोणती फिरकी हवी ते हाताने दाखवतो. दगड वळत येणार असल्यामुळे ब्रश आणि थांबण्याची जागा वेगळी असते; चांगल्या बर्फावर त्यांत मीटरभराचे किंवा जास्तही अंतर पडते. नवखा खेळाडू मात्र ब्रशकडे न सोडता जिथे थांबायचे त्या जागेकडे सोडतो. फरशीवर ही चूक बरोबर ठरते, कारण चकती सरळ जाते. त्यामुळे हॉलमध्ये दोन वेगळे सराव ठेवावेत. एकात फक्त वेग पाहावा. दुसऱ्यात हाउस पुसून टाकावे, स्किपने वेगवेगळ्या जागी ब्रश टेकवावा आणि चकती ब्रशच्या टोकावरून गेली का एवढेच पाहावे. दोन्ही सराव एकत्र केले की मूल पुन्हा थांबण्याच्या जागेकडे पाहू लागते.

टप्पा ९ : एक एंड खेळून पाहणे

लीड, सेकंड, थर्ड आणि शेवटी स्किप या क्रमाने प्रत्येकी दोन दगड. स्किप सोडायला जातो तेव्हा थर्ड त्याच्या जागी हाउसमध्ये उभा राहतो. सोडण्याची पाळी नसलेल्या संघाने दोन्ही हॉग लाइनच्या मध्ये, पट्ट्याच्या कडेला शांत उभे राहावे; त्यांच्या स्किप आणि थर्डने बॅक लाइनच्या मागे थांबावे आणि हलू नये.

शेवटचा दगड ज्याच्याकडे, त्याच्याकडे 'हॅमर' आहे असे म्हणतात. पहिल्या एंडसाठी हॉलमध्ये नाणेफेक पुरते. पुढे ज्याने गुण मिळवले तो संघ पुढच्या एंडला आधी सोडतो, म्हणजे हॅमर प्रतिस्पर्ध्याकडे जातो. कुणालाच गुण मिळाला नाही तर हॅमर ज्याच्याकडे होता त्याच्याकडेच राहतो.

गुण मोजताना होणारी चूक एकच, पण ती नेहमी होते. दोन्ही संघांना गुण दिले जातात. असे नसते. बटनाच्या सर्वांत जवळचा दगड लाल असेल, तर सर्वांत जवळच्या पिवळ्या दगडाहून आत असलेले, हाउसला स्पर्श करणारे लाल दगड तेवढे मोजायचे. पिवळ्यांना शून्य.

दुसरा गोंधळ गार्डविषयी होतो. हॉग लाइन आणि टी लाइनच्या मध्ये, पण हाउसच्या बाहेर थांबलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या दगडाला एंडचे पहिले पाच दगड पडेपर्यंत खेळाबाहेर घालवता येत नाही. घालवला तर तो जागेवर परत ठेवतात आणि घालवणारा दगड खेळातून काढतात. हे संरक्षण हाउसमधल्या दगडाला नाही, हे मुलांकडून वदवून घ्यावे.

खेळाबाहेर केव्हा : समोरची हॉग लाइन पूर्ण न ओलांडलेला, कडेच्या रेषेला लागलेला, आणि बॅक लाइन पूर्ण ओलांडून गेलेला दगड. बॅक लाइनला टेकून राहिलेला दगड खेळात असतो. हॉग लाइन न ओलांडलेला दगड दुसऱ्या खेळत्या दगडाला आपटून थांबला असेल, तर तोही खेळात असतो.

टप्पा १० : झाडणे

चालत्या दगडापुढे ब्रशने घासल्यावर बर्फाचा वरचा थर किंचित तापतो, घर्षण कमी होते, दगड काही मीटर जास्त जातो आणि कमी वळतो. छर्ऱ्यांच्या चकतीपुढे फरशी घासून यातले काहीच घडत नाही. तरीही हॉलमध्ये मुले पोछा घेऊन चकतीपुढे धावतात आणि चकती चांगली गेली की श्रेय पोछ्याला देतात. म्हणून चकती आणि ब्रश एकत्र वापरू देऊ नये. ब्रशचा सराव वेगळा घ्यावा : दोन्ही हातांनी दांडा घट्ट धरावा, डोके ब्रशच्या वर आणावे, शरीराचा भार खाली उतरवावा, घासण्याचे फटके आखूड आणि जलद असावेत, आणि चालत पुढे जावे. अर्धा मिनिट नीट केले तरी दम लागतो. लागला नाही तर भार ब्रशवर पडत नाही.

हॉलमध्ये शिकता येण्यासारखी मोठी गोष्ट म्हणजे बोलणे. दगडाचा वेग झाडणारे जवळून पाहतात, म्हणून वेगाचा निर्णय त्यांचा. दगडाची रेषा स्किपला समोरून दिसते, म्हणून रेषेचा निर्णय त्याचा. झाडणाऱ्यांनी दर दोन-तीन सेकंदांनी आकडा ओरडून सांगावा आणि स्किपने 'घासा' किंवा 'थांबा' म्हणावे. आमच्याकडे हेच शब्द रूढ आहेत. शब्द कोणतेही ठेवावेत, पण ते एकमेकांसारखे ऐकू येणारे नसावेत.

चालत्या दगडाला आपला ब्रश किंवा पाय लागला, तर तो दोन हॉग लाइनच्या मध्ये असताना स्वतःहून बाजूला सरकवतात आणि तसे लगेच सांगतात. समोरची हॉग लाइन ओलांडल्यावर लागला, तर सगळे दगड थांबू द्यावेत. मग काय करायचे ते प्रतिस्पर्धी स्किप ठरवतो.

टप्पा ११ : बर्फावरचा पहिला दिवस

सर्वांत आधी रिंकवाल्यांना विचारावे की बर्फावर 'पेबल' आहे का. कर्लिंगच्या बर्फावर पाण्याचे बारीक थेंब शिंपडून गोठवलेले असतात आणि दगड त्या उंचवट्यांवरून चालतो. स्केटिंगचा बर्फ सपाट असतो; त्यावर दगड अर्ध्यातच थांबतो, मुले जोर लावू लागतात आणि महिन्यांची मेहनत तासाभरात बिघडते. पेबल नसेल तर त्या दिवशी दगड सोडूच नयेत, नुसते घसरण्याचा सराव घ्यावा.

बर्फाचे तापमान साधारण उणे ५ अंश सेल्सियस असते. सांगलीहून जाणाऱ्या मुलांना जाड स्वेटरवर स्वेटर घालायचे असतात, पण त्यात गुडघा वाकत नाही. ताणली जाणारी पँट, दोन पातळ थर आणि हातमोजे पुरेत. पहिल्या दिवशी प्रत्येकाला हेल्मेट द्यावे. बर्फावर पाऊल ठेवताना पकडीचा पाय आधी, स्लायडरचा नंतर.

सावधान : दगड कधीही उचलू नये, सरकवावा. येणारा दगड पायाने अडवू नये आणि त्याच्यावरून उडी मारू नये. उघडा तळहात किंवा गुडघा बर्फावर टेकवून बसू नये. तिथला पेबल वितळतो आणि पुढचा दगड त्या खळग्यात वाकतो.

पहिल्या तासात क्रम असा ठेवावा : चालणे, हॅकवरून मोकळ्या हाताने घसरणे, दगडासह घसरून तो हातातून न सोडणे, आणि सर्वांत शेवटी फिरकी देऊन सोडणे. सोडलेला दगड समोरच्या हॉग लाइनपर्यंत पोहोचला नाही तरी चालेल. हॅकपासून समोरच्या बटनापर्यंत सुमारे ३८ मीटर आहेत आणि मुलांच्या पायांना आतापर्यंत पंधराच मीटर माहीत आहेत. त्यांनी घाबरून दंडाने ढकलायला सुरुवात केली, की दगड बाजूला ठेवून पुन्हा मोकळ्या हाताने घसरायला लावावे.